मदत हवी आहे: फायनल फँटसी टेन-टू हा व्हिडिओ गेम पुरा करू की थर्टीन-टू घेऊ?

फायनल फँटसी टेन (2001) आणि थर्टीन (2009) खेळून झालेत. टेनचा पुढचा भाग टेन-टू (2003), त्याचे दोन चॅप्टर झाले. बेसाइड गावात टेनमधला सोबती वाक्का बाप होण्याच्या धास्तीत बघून ऊर भरून आला. तीच गावं, तीच माणसं, दोन वर्षांनंतरची. पण सुरुवातीपासूनच विमान हाताशी, कुठेही जा; त्यात कथेची पकड सुटते. प्रसंग हुकला की त्या खेपेची टक्केवारीही (गेम किती पूर्ण झाला तो आकडा) गेली. थर्टीनचा पुढचा भाग थर्टीन-टू (2011) जेमतेम तासभर खेळलो: काळात उड्या, पकडलेले राक्षस आपल्याच बाजूने लढतात. झकास!

पीसीवर खेळतो, आठवड्याला पाचेक तास. गाइड चालेल, शेवट मात्र सांगू नका. टेन-टूमध्ये टक्केवारी सोडून नुसती मुख्य कथा खेळली, तर नायिका युनाचा प्रवास अपुरा वाटतो का?