स्लॅब गळतोय, गृहविमा आहे, तरी दावा का बसत नाही?

माजघरवाला: चिपळूणला आमचं १९९४ चं घर. यंदा माजघराच्या स्लॅबचे पोपडे पडले, सळ्या उघड्या. 'भारत गृह रक्षा' पॉलिसी चालू आहे. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर म्हणतो, ही झीज. अहो, पाऊस आपत्तीत येत नाही का?

निवृत्त सर्व्हेअर: येतो, पण कसा ते बघा. वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, वादळात पत्रे उडाले, टाकी किंवा पाइप फुटला, तर दावा बसतो. वर्षानुवर्षं झिरपलेली ओल नाही. सळ्या एका पावसात गंजत नाहीत, फोटोत लगेच कळतं. या पॉलिसीत घराचा विमा असेल तर सामानालाही घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप संरक्षण असतं. हे फार जणांना माहीतच नसतं!

गुहागरची सून: आमचे सासरे मे महिन्यात पन्हाळीतली पानं काढून, गच्चीच्या भेगा भरून घेतात. फोटो आणि गवंड्याची पावती जपून ठेवतात. पुढे वाद झाला तर तेवढा तरी पुरावा.

माजघरवाला: मग आधी सळ्या की गच्ची?

निवृत्त सर्व्हेअर: टेकू देऊन आधी गच्ची. वरून पाणी चालू असताना खालून प्लास्टर करू नका.