मदत हवी आहे: टाटा ४०७चं स्टिअरिंग ढिलं, पुढून खडखडाट. किंगपिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती पिन) घरी बदलता येईल का?

प्रश्नकर्ता: गाडी जुनी, पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड अ‍ॅक्सल. स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी चाक हलत नाही. खड्ड्यात खडखड येते. डाव्या टायरवर तळहात एका दिशेने गुळगुळीत फिरतो, उलट फिरवला की कडा टोचतात. गॅरेजचा सल्ला: किंगपिन किट, टायरॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), शॅकल बुश (पाट्याच्या टोकाच्या कडीतली नळी) सगळं एकदम बदला. अंगणात कोबा आहे, जॅक, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि पाने आहेत. काय घरी करावं?

माळरान: सामान आणायच्या आधी कुठला सांधा गेलाय ते शोधा. मागच्या चाकांना ओट (गाडी घसरू नये म्हणून अडसर) लावा, पुढचा अ‍ॅक्सल उचलून घोड्यांवर टेका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

चाक वर आणि खाली धरून हलवा. लचकलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. लचक गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे, राहिली तर किंगपिनचे बुश गेलेत. टायरॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तपासायला मात्र गाडी जमिनीवर हवी. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करत राहायचं, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. दांडा आधी हलला आणि त्याला जोडलेला आर्म (चाक वळवणारा हात) उशिराने हलला, तर तो सांधा बाद.

सगळं घट्ट निघालं तरच स्टिअरिंग बॉक्सकडे वळा. बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई लपवणारे बरेच आहेत, ते अजिबात करू नका. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि आतले दाते झिजतात.

ग्रीसगन: टायरॉड एंड घरी होतो. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणून दुकानात दोन्ही मागा. जुना किती फेऱ्यांत निघतो ते मोजा, नवा तेवढाच चढवा. सोडवताना आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरच्या बाजूने ठोका, टेपर (डोळ्यात रुतलेला निमुळता स्टड) सुटतो. स्टडच्या टोकावर ठोकलं तर आटे चेपतात. बसवताना स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून आडव्या घालायच्या पिनेचं) भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे घेऊ नका. पिन दर वेळी नवीच.

किंगपिन काढणं घरी, बुश लेथवाल्याकडे. आधी लॉक पिन, मग टोप्या, मग किंगपिन. मोकळे नकल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) आणि नव्या पिना दोन्ही सोबत न्या, कारण वरचा-खालचा बुश बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) दोन्हींतून एकाच रेषेत फिरावा लागतो. वेगवेगळे रीम केले तर पिन एका कडेला घासते आणि नवं किट लवकर संपतं. बुशचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंय का, हे लेथवरच पाहा.

प्रश्नकर्ता: पिन गंजून बसली असेल तर गॅसने तापवू का?

ग्रीसगन: नको. अ‍ॅक्सल घडीव पोलादाचा आहे, तापवला की त्याची ताकद जाते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि लॉक पिन पूर्ण निघालीय ना हे पुन्हा बघा. तरीही हलत नसेल तर प्रेसवालाच गाठा. जोडताना थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन पेलणारं) अ‍ॅक्सलच्या खाली येतं, वरची फट शिमने (पातळ चकतीने) भरायची. ग्रीस चाक उचललेलं असताना मारा. वजन टेकलेलं असेल तर ते बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

माळरान: शॅकलचे बुश रबरी असतील तर बोल्ट शेवटचा आवळा तो गाडी चाकांवर उभी करून. हवेत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट उघडले तर नवे घाला, तिरपे-समोर असे थोडे थोडे आवळा आणि थोडी गाडी चालवून पुन्हा पाना लावा. ते सैल राहिले की सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध असलेला) तुटतो आणि अ‍ॅक्सल सरकतो.

टायरच्या कडा टोचतात त्या टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडल्यामुळे. काम झाल्यावर दोन्ही पुढच्या टायरांवर हबच्या उंचीला पुढून खूण करा, अंतर मोजा. गाडी चाकाच्या अर्ध्या फेरीइतकी ढकला आणि त्याच खुणांमधलं अंतर मागून मोजा. पुढचं अंतर किंचित कमी हवं, किती ते मॅन्युअलमध्ये आहे. एवढ्यावर अलाइनमेंटवाल्यापर्यंत नीट पोचाल.

आणि स्टिअरिंग व्हील वाकडं दिसलं तर ते उपसून फिरवून बसवू नका, ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. बॉक्स मध्यावर असतानाच त्यात सर्वांत कमी ढिलाई असते. सरळ रस्त्याला तो मध्य निसटला तर नवं सामान घालूनही स्टिअरिंग ढिलंच लागेल.