रानपिंगळा की वनपिंगळा?

मेळघाटवरच्या एका लेखात 'रानपिंगळा' वाचला, दुसरीकडे 'वनपिंगळा'. पक्षी एकच ना? आणि आपल्या आंब्यावर किचकिचाट करतो तो पिंगळा वेगळा का?

– वेगळाच. गावातला तो साधा पिंगळा. पहाटे डमरू वाजवत येणारा पिंगळा जोशीही त्याच नावाचा, पण तो विषय निराळा. रान आणि वन यांचा अर्थ एकच असल्याने घोळ होतो. बातम्यांत 'रानपिंगळा' म्हणजे बहुतेक वेळा फॉरेस्ट आउलेट (आउलेट म्हणजे छोटं घुबड). काही याद्यांत मात्र जंगल आउलेटलाही तेच नाव दिलेलं दिसतं. तो तिसराच, डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेघांचा.

– नाव काहीही लिहा, आधी डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या कपाळावर आणि टाळूवर पांढरे ठिपके दाट असतात. फॉरेस्ट आउलेटचं डोकं मोठं, जवळपास कोरं. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र, पाय पिसांनी जाडजूड. सागाच्या शेंड्यावर भर दिवसाही बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. गावातला पिंगळाही दिवसा ढोलीबाहेर दिसतो, म्हणून 'दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळाच' असं म्हणू नका.

– फॉरेस्ट आउलेटचा इतिहासही भारी आहे. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं, 1884 नंतर भरवशाची नोंदच नाही. नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते. 1914 चा गुजरातचा एक नमुना होता, पण तो माइनर्त्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातून उचलून खोट्या चिठ्ठीनिशी खपवलेला निघाला! शेवटी नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाट, यावल, 2014 मध्ये तानसा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 2018 पासून तो 'संकटग्रस्त', त्याआधी 'अतिसंकटग्रस्त' होता. साध्या पिंगळ्याला तसा धोका नाही.

– मग लिहायचं काय?

– मी फॉरेस्ट आउलेटला 'वनपिंगळा' लिहितो. दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. 'रानपिंगळा' कानाला गोड आहे, पण तो वापरलात तर सोबत शास्त्रीय नाव द्याच: अथिने ब्लेविटी. जुन्या पुस्तकांत 'हेटेरोग्लॉक्स' दिसेल, तोही हाच.