विषय: नागपूरला जाणाऱ्या कानटोप्या

प्रेषक: बंडूदादा

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला चाललोय, एक अख्खी बॅग रिकामी आहे. आपल्या विणकामवाल्या ग्रुपने गरजू मुलांसाठी टोप्या करायला घेतल्यात असं दिसतंय (घरात सोफ्यावर बसायची सोय नाही, जिकडेतिकडे लोकरीचे गुंडे). पण कोणाला द्यायच्या, केवढ्या करायच्या, काही ठरलंय का? काकू तिथेच आहेत, त्यांनीच सांगावं. आणि पार्सलने पाठवायच्या भानगडीत पडू नका, 2019 च्या डिसेंबरपासून परदेशातून भारतात येणाऱ्या गिफ्ट पार्सलची कस्टम ड्युटीतली सूट गेली आहे.

प्रेषक: काकू, धरमपेठ

बंडू, बरं झालं बाप्पा विचारलंस. आम्हीही इथे विणून राहिलो, दुपारची जेवणं आटोपली की चारपाच जणी माझ्याकडे जमतो, कोणाच्या हातात सुया कोणाच्या हातात क्रोशा, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. पण आमचा एक नियम आहे, आधी जिथे द्यायचं तिथे विचारायचं आणि मग टाके घालायचे. ढीगभर विणून मग "कोणाला देऊ" म्हणत फिरणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या, त्यांच्या टोप्या सगळ्या एकाच मापाच्या, दोन वर्षांच्या गुटगुटीत मुलाच्या, कारण विणायला तेच माप मजेचं.

नागपूर म्हटलं की तुम्हाला मे महिनाच आठवतो. 29 डिसेंबर 2018 ला इथे 3.5 डिग्री झालं होतं. घरात हीटर कोणाकडे नाही, खिडकीत कूलरचं भोक मात्र सगळ्यांकडे.

एका सरकारी हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं तर म्हणाली, मोठ्या नको, बारक्या द्या. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, त्याच्या अंगाच्या मानाने डोकं केवढं मोठं असतं पहा, बरीच ऊब तिथूनच जाते. कांगारू पद्धतीत बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधतात, लंगोट, मोजे आणि डोक्यावर टोपी एवढंच त्याच्या अंगावर. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं 33 ते 35 सेंटीमीटर, टोपी दोनतीन सेंटीमीटर कमीच ठेवायची, ताणून नीट बसते. दिवस भरायच्या आधी झालेल्यांसाठी मोठ्या संत्र्यावर घालून बघा, बसली की झालं. गोंडे, बटणं, रिबिनी काही नको, गळ्याला बांधायची नाडी तर मुळीच नको, आणि जाळीची नक्षीही नको, बोटं अडकतात. साधी दोन सुलट दोन उलट. हो, दिसायला कंटाळवाणी आहे.

आमच्यातल्या एकीची बहीण मेळघाटात आश्रमशाळेत शिकवते, तिला मोठ्या मुलांच्या हव्यात. चिखलदरा 1,100 मीटरवर, तिथली थंडी नागपूरसारखी नाही. एक वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण 46, पाचसहा वर्षांच्याचं 51 सेंटीमीटर. या कान झाकणाऱ्या हव्यात आणि गडद रंगाच्या, पांढरी टोपी शेणामातीत किती टिकणार.

प्रेषक: वैनी

काकू, राग मानू नका पण दोन शंका आहेत. एक, एवढ्या खटाटोपापेक्षा पैसे जमवून बुलडीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, टोप्या घेतल्या तर नाही का चालणार? दुसरं, माझ्या नातवाच्या डॉक्टरांनी घरात झोपताना टोपी घालूच नका असं बजावलंय, बाळाला जास्त गरम होतं म्हणे. आणि आठ नंबरच्या सुया चालतील ना?

प्रेषक: काकू, धरमपेठ

राग काहून मानू? मोठ्या मुलांच्या घ्यायच्या असतील तर खरंच घ्या, बाजारात ढिगाने आहेत, आम्हीही थोड्या घेतल्याच. पण दीड किलोच्या बाळाच्या मापाची टोपी दुकानात मागून पहा. मिळत नाही, म्हणून तर विणून राहिलो.

डॉक्टर बरोबरच सांगतात, तुमच्याकडे घर गरम आणि बाळ साडेतीन किलोचं. इथल्या टोप्या वॉर्डात सिस्टरच्या नजरेखाली जातात, घरी जाताना कधी घालायची कधी काढायची ते ती आईला सांगते. तेवढ्याने सगळं होतं असंही कोणी समजू नये. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. त्यात जंतुसंसर्गावरची औषधं होती, वजन होतं, घरी जाऊन पाहणं होतं, आणि बाळाला गरम ठेवणंही होतं. टोपी त्या शेवटच्या कामातली एक वस्तू.

सुयांचं मात्र नीट पहा! आपल्याकडचा आठ म्हणजे 4 मिलिमीटर, अमेरिकेतला आठ म्हणजे 5, इथे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिथे जाड. मिलिमीटरमध्येच बोला, नाहीतर बारक्यांची टोपी तुमच्या नातवाला होईल. लोकर टोचरी नको. अॅक्रिलिक धुवायला सोपं, पण मेळघाटात मुलं शेकोटीला चिकटून बसतात आणि अॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, तर मोठ्यांसाठी तुमच्याकडे मशीनमध्ये धुता येणारी खरी लोकर मिळते ना, ती वापरा. इथे मला सापडत नाही. बारक्यांना मऊ सुती धागा. झाल्यावर एकदा धुवा, आणि मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्या, वर सेंटीमीटर लिहून.

प्रेषक: बंडूदादा

ठरलं मग. 5 डिसेंबरपर्यंत पिशव्या माझ्याकडे, बॅग 23 किलोच्या वर गेली तर आधी मोठ्या मापाच्या काढून ठेवीन. संत्रा बर्फीच्या ऑर्डरी परतीच्या बॅगेसाठी आहेत, आणि त्या आत्ताच भरल्या आहेत.