तोल्यात्ती शहराचे नाव इंग्रजीत नेमके कसे लिहावे?

दुभाषी_पुणे:
नमस्कार. मी रशियनमधून इंग्रजीत तांत्रिक भाषांतरे करतो. सध्याच्या कामात समारा प्रांतातील तोल्यात्ती या मोटारनिर्मितीच्या शहराचे नाव पानोपानी येते. रशियन लिपीत ते सर्वत्र एकाच प्रकारे लिहिले जाते. इंग्रजीत मात्र ‘टी-ओ-एल-वाय’ने सुरू होणारे एक आणि ‘टी-ओ-जी-एल’ने सुरू होणारे दुसरे अशी दोन रूपे दिसतात, आणि ग्राहकाने पूर्वी अन्यत्र करून घेतलेल्या भाषांतरात तर ती दोन्ही एकाच पानावर आहेत. फियाट या इटालियन कंपनीच्या कारखान्यामुळे शहराला इटालियन नाव मिळाले, म्हणून लेखनही इटालियनच ठेवावे, असे एका सहकाऱ्याचे मत आहे. ते ग्राह्य धरावे का?

व्होल्गाकाठ:
आपल्या सहकाऱ्यांनी दिलेले कारण पुष्कळांच्या तोंडी असते, पण ते कालक्रमात बसत नाही. इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्यात्ती ऑगस्ट १९६४ मध्ये याल्टा येथे वारले आणि त्याच महिन्यात शहराला त्यांचे नाव देण्यात आले. फियाटशी करार झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ च्या ऑगस्टमध्ये. फियाट १२४ वर बेतलेल्या पहिल्या गाड्या १९७० साली बाहेर पडल्या. (आपल्याकडची प्रीमियर ११८ एनई हीसुद्धा याच १२४ च्या कुळातली.)

आता लेखनाविषयी. इटालियनमध्ये ‘जी-एल-आय’ या अक्षरांचा उच्चार साधारण ‘ल्य’ असा होतो. रशियनांनी आडनाव कानाने ऐकून आपल्या लिपीत उतरवले, त्यामुळे त्यांच्या लेखनात ‘ग’ कोठेच नाही. रशियन स्थलनामांचे नेहमीचे लिप्यंतर केले की ‘एल-वाय’चे रूप आपोआप मिळते, आणि शहरासाठी मी तेच वापरतो. व्यक्तीचा उल्लेख आला तर मात्र इटालियन लेखनाला पर्याय नाही.

शुद्धाशुद्ध:
मी थोडा असहमत आहे. सारातोव्हसमोर, व्होल्गेच्या पलीकडच्या तीरावर एंगेल्स नावाचे शहर आहे. रशियन लेखनात त्यातील ‘ल’नंतर मृदुचिन्ह (आधीच्या व्यंजनाचा उच्चार मृदू करायचा हे सांगणारे अक्षर) असते, पण इंग्रजीत त्यासाठी मध्ये अपॉस्ट्रॉफी घालण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, त्या जर्मन विचारवंताचे आडनाव जसे लिहितात तसेच शहराचेही लिहितात. मूळ रोमन लिपीतले नाव रशियनचा फेरा करून परत येत असेल, तर त्याला त्याचा जुना वेश का देऊ नये? आपण शीवचे इंग्रजीमार्गे सायन करून बसलो आहोत, तसाच हा प्रकार वाटतो.

व्होल्गाकाठ:
दाखला चांगला आहे, परंतु एंगेल्सच्या बाबतीत मृदुचिन्ह सोडले की दोन्ही रूपे जुळतात, त्यामुळे निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. तोल्यात्तीत ‘जी’ लिहिला, तर इटालियन न जाणणारा वाचक बेधडक ‘टोग्लियाट्टी’ म्हणतो. मराठी मजकुरांतही हे रूप शिरते ते याच वाटेने. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळावा. तेथील अमोनिया उत्पादक तोल्यात्तीअझोत ही कंपनी इंग्रजीत स्वतःचे नाव ‘जी’सह लिहिते, आणि कंपनीने स्वीकारलेले लेखन भाषांतरकाराने बदलू नये. त्यामुळे एकाच पानावर दोन रूपे आली, तरी प्रत्येक वेळी ती चूकच असेल असे नाही. ग्राहकाला हे एका टिपेत कळवावे.

दुभाषी_पुणे:
आभारी आहे. शहरासाठी ‘एल-वाय’ आणि कंपनीसाठी तिचे स्वतःचे लेखन, असे ठरवतो. आणखी एक शंका आहे: १९५८ सालच्या एका आराखड्यावर ठिकाण ‘स्ताव्रोपोल’ असे लिहिले आहे. तेथे आजचे नाव घालू का?

व्होल्गाकाठ:
घालू नये. १९६४ पर्यंत शहराचे अधिकृत नाव तेच होते. फक्त उत्तर कॉकेशसमध्ये याच नावाचे मोठे शहर असल्यामुळे पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘व्होल्गेवरील’ हे विशेषण जोडावे आणि आजचे नाव चौकटी कंसात द्यावे. आराखड्यावर रस्ते किंवा इमारती दाखवल्या असतील, तर त्या कोणत्या जागेवरच्या आहेत तेही तपासून घ्यावे. १७३७ मध्ये वसवलेल्या जुन्या स्ताव्रोपोलची जागा १९५० च्या दशकात कुइबिशेव्ह जलाशयाखाली गेली आणि वस्ती उंचावरील नव्या जागेत हलवण्यात आली.