रिपोर्टखाली दोन ओळी लिहिल्या की जुलाबाच्या गोळ्या बंद होणार म्हणे!

सिडको_क्लिनिक
काल 'सूक्ष्मदर्शक' यांनी टाकलेली पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. नसेल वाचली तर मुद्दा असा: जुलाबाच्या पेशंटचा स्टूल कल्चरचा, म्हणजे शौचाच्या नमुन्यात जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट जातो त्याच्याखाली लॅबने दोन ओळी टाकायच्या, की हा संसर्ग बहुधा आपला आपण बरा होतो, अँटिबायोटिक लागत नाही. आणि औषधांची एस-आर वाली यादी (कुठलं औषध त्या जंतूवर चालेल, कुठलं नाही) डॉक्टरने मागितल्याशिवाय छापायचीच नाही. की झालं, आम्ही जनरल प्रॅक्टिसवाले सुतासारखे सरळ. मला यावर रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय, लांबेल.

अहो साहेब, आधी स्टूल कल्चर करतं कोण? तेवीस वर्षं दवाखाना चालवतोय, जुलाबाच्या शंभरातल्या एकालासुद्धा मी कल्चर सांगत नसेन. माझ्याकडे येतो तो इथल्या, नाशिकच्या अंबडच्या कंपनीतला कंत्राटी पोरगा, रात्रीतून दहा वेळा जाऊन आलेला, सकाळी सातची शिफ्ट, खाडा पडला की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. त्याला सांगू का, की बाळा नमुना दे, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येईल मग खालच्या ओळी वाचून ठरवू? रिपोर्ट येईपर्यंत तो पवननगरला गाड्यावर पाणीपुरी हाणताना दिसतो मला. आणि ओआरएसची पुडी हातात ठेवली की तोंड बघा त्यांचं. परवा एक बाई सरळ म्हणाल्या, "डॉक्टर, ही पुडी तर आशाताई फुकट देतात, तुम्ही दोनशे कशाचे घेतले?" यावर काय कमेंट आहे तुमच्याकडे? मी नाही दिलं तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओफ्लोक्स-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी कापून देतोच. लिहायचंच असेल तर पेशंटच्या कपाळावर लिहा, रिपोर्टवर कशाला.

सूक्ष्मदर्शक
झोप उडवल्याबद्दल सॉरी. पण मी सगळ्या जुलाबांबद्दल बोललोच नव्हतो, ज्यांचं कल्चर होतं त्यांच्याबद्दलच होतं ते. अंड्या-चिकनमधून येणारा साधा साल्मोनेला घ्या, टायफॉइडचा नव्हे. धडधाकट माणसात त्याचे जुलाब आठवड्याभरात थांबतात. अँटिबायोटिक दिलं तर माणूस लवकर बरा होत नाही, वर जंतू शौचातून उलट जास्त दिवस पडत राहतात. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा दुसरा जंतू तर आपल्याकडे सिप्रो-ओफ्लोक्सच्या गोळ्यांना बहुतेक वेळा दादच देत नाही, मग ती पट्टी कुणासाठी? रक्ती हगवण, कॉलरा, टायफॉइड, तान्हं बाळ, केमोवरचा पेशंट, तिथं द्या ना, कोण अडवतंय.

आणि कागदाने फरक पडतो. टोरांटोच्या एका हॉस्पिटलमध्ये भरती पेशंटच्या लघवीच्या कल्चरचे रिपोर्ट आपणहून पाठवणं बंद केलं, 'खरोखर लक्षणं असतील तर लॅबला फोन करा' एवढाच निरोप ठेवला. २०१४ मध्ये त्यांनी छापलं, लक्षणं नसताना औषध देण्याचं प्रमाण कॅथेटर (लघवीची नळी) नसलेल्या पेशंटमध्ये ४८ टक्क्यांवरून १२ वर आलं. कुणाला भाषण दिलं नाही, दंड केला नाही.

सिडको_क्लिनिक
टोरांटो! लघवीचं उदाहरण जुलाबाला, आणि तेही भरती पेशंटचं. तिकडे नळाचं पाणी उभ्या उभ्या पितात, आमच्याकडे पहिल्या पावसात नळाला चहा येतो. तिकडच्या डॉक्टरला फोन करायला लॅब तरी आहे, मला तर लॅबवाल्याचा फोन दिवाळीतच येतो, मिठाईचा बॉक्स कुठं ठेवू विचारायला.

नळीवाला
दिवाळीचा विषय तुम्हीच काढलात, मग ऐका. मी टेक्निशियन आहे, सातपूरला असतो. आधी एका लॅबमध्ये होतो, नाव नाही घेत. तिथं स्टूल आलं की मॅकॉन्कीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर लावायचं, दुसऱ्या दिवशी गुलाबी कॉलन्या दिसल्या की टाइप करायचं 'ई. कोलाय ग्रोन', आणि खाली वीस-बावीस औषधांची यादी. अरे पण ती ई. कोलाय माझ्या पोटात आहे, तुमच्या आहे, नगरसेवकाच्या पण आहे, न सापडली तर आश्चर्य! त्रास देणाऱ्या जाती असतात काही, पण त्या नुसत्या गुलाबी रंगावरून वेगळ्या कळत नाहीत. तरी रिपोर्ट जायचा. दोन तासांत तोच पेशंट मेडिकलवर, कारण कागदावर जंतूचं नाव आणि शेजारी औषधाचं नाव, अजून काय पाहिजे.

मी साहेबांना म्हटलं की ही यादी छापायला नको. साहेब म्हणाले, नुसतं 'रोगकारक जंतू आढळले नाहीत' लिहून पाठवलं तर पेशंट म्हणेल पैसे कशाचे घेतले.

सिडको_क्लिनिक
हे मात्र पटलं. म्हणजे माझी पुडी आणि तुमचा कोरा रिपोर्ट, दुखणं एकच. पण मग चूक लॅबची झाली ना? आधी आग लावायची आणि मग खाली 'आगीपासून सावध' लिहायचं.

मखमलाबादकर
मी डॉक्टर नाही, आई आहे. तुम्ही स्टूल स्टूल करताय, विडालबद्दल, त्या टायफॉइडच्या रक्ततपासणीबद्दल, कुणी बोलणार आहे का? माझी मुलगी सहावीत होती, एका वर्षात तिला तीनदा टायफॉइड 'निघाला'. दर वेळी तेच, पोट बिघडलं, दोन दिवस ताप, लगेच रक्त, आणि रिपोर्टवर 'ओ १:८०' या आकड्याला पेनाने गोल. पहिल्यांदा गोळ्या, दुसऱ्यांदा सात दिवस इंजेक्शनं, हाताला सुई ठेवलेली, ती त्याच हाताने गणितं सोडवत बसायची आणि सुई सरकली की रडायची. तरी परीक्षा बुडाली ती बुडालीच. तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तो रिपोर्ट बाजूला सारला आणि ब्लड कल्चर लावलं. त्यात काहीच आलं नाही, ताप चौथ्या दिवशी आपोआप उतरला. म्हणजे आधीचे दोन टायफॉइड तरी खरे होते का? हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

नळीवाला
ताई, कुणी सांगणारही नाही, कारण आता ते कळायला मार्गच नाही. विडाल ही १८९६ सालची टेस्ट आहे. आपल्याकडे टायफॉइडचा जंतू सगळीकडे फिरतो, अंगात जुन्या अँटीबॉडी असतात आणि विडाल त्याच मोजते, म्हणून एकदाच केलेल्या १:८० ला काही अर्थ नसतो. आणि खरा टायफॉइड असला तर पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणजे दोन्हीकडून फसवते. आमच्याकडे वर्षभरात जेवढी स्टूल कल्चर होत नाहीत तेवढ्या विडाल एका आठवड्यात होतात. कमेंट टाकायचीच असेल तर तिथं टाका.

आडगावचा_बंडू
आमच्या घरात विडाल न निघालेला माणूस नाही. मेव्हण्याला लग्नाच्या आदल्या दिवशी निघाला, सलाईन लावून हळद लागली. तसं आम्ही शेतकरी कुणाला नावं ठेवणार म्हणा, सटाण्याकडं डाळिंबावर तेल्या रोग आला की आम्हीच स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत होतो, माणसांचं औषध झाडाला. त्यावर पण एक धागा काढा कोणीतरी.

गोदाकाठचा_काका
तुम्ही सगळे हसताय. माझा धाकटा भाऊ १९८४ साली गेला, टायफॉइडने, वय एकोणीस. डॉक्टरांनी 'साधा ताप आहे, जाईल' म्हणून दिवस काढले, तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटलं. पंचवटीतून टांग्याने नेला होता त्याला, पोट लाकडासारखं कडक झालेलं, मी हात लावून बघितलंय. तेव्हा मला तुमची कमेंट नको, यादी नको. माझ्या नातवाला ताप आला की मी गोळी मागणार, आणि जो देणार नाही त्याच्याकडे परत जाणार नाही.

सिडको_क्लिनिक
काका, यावर काय बोलू. फक्त हे बघा, 'सूक्ष्मदर्शक' वाचताय ना? तुम्ही म्हणता डॉक्टर सवयीने लिहितो. डॉक्टर काकांच्या भावाला घाबरून लिहितो. शंभर जणांना उगाच दिलं तर कुणी विचारत नाही, एकाला नाही दिलं आणि तो गेला तर दवाखान्याची काच फुटते.

सूक्ष्मदर्शक
मान्य. पण काका, तुमच्या भावाला साधा ताप समजून दिवस घालवले, आज विडालच्या गोलावर विसंबून औषध सुरू करतात, चूक तीच, नीट तपासलं नाही. पहिल्या आठवड्यात, औषध सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर घेतलं असतं तर सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती. आणि उगाच दिलेल्या औषधाची किंमत हीच, की टायफॉइडचा जंतू आता सिप्रोला आपल्याकडे जवळजवळ जुमानत नाही. ज्याला खरा टायफॉइड होईल त्याला द्यायला काय उरणार?

मेडिकल_नाशिकरोड
सगळ्यांनी आमच्यावर ढकललं म्हणून लिहितो. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारखी औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या कडक यादीत आहेत, वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपून ठेवायचं. मी ठेवतो. शेजारचा ठेवत नाही आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं. आणि डॉक्टरसाहेब, माझ्याकडे बिनचिठ्ठीचा येतो तो बहुतेक तुमचीच मागच्या वर्षीची चिठ्ठी मोबाइलमध्ये दाखवतो.

सिडको_क्लिनिक
म्हणजे शेवटी डॉक्टरच चोर. लॅबवाले तापाच्या पॅकेजात विडाल घुसवतात ते कुणाला दिसत नाही.

नळीवाला
पॅकेज लिहून कोण पाठवतं साहेब? आणि त्या पॅकेजच्या पैशातलं पाकीट परत कुणाकडे जातं?

सिडको_क्लिनिक
नाव घेऊन बोल. तेवीस वर्षांत एक रुपया कट (पेशंट पाठवल्याचं कमिशन) घेतला असेल तर दवाखान्याला कुलूप लावीन. मिठाई घेतो, ती पण स्टाफला वाटतो. तोंडाला येईल ते लिहायचं आणि वर टोपणनाव.

नळीवाला
तुमचं नाव घेतलं नाही मी. पण २०१७ मध्ये सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा काढला होता, तो काय हवेतून सुचला का? तुमच्यासारखे असतील चार. बाकीच्यांच्या रिपोर्टवर 'अँटिबायोटिक नको' लिहिलं की दुपारी फोन येतो, 'तू मला शिकवणार?' आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांचे नमुने दुसरीकडे. म्हणून लहान लॅब लिहीत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मखमलाबादकर
भांडून झालं असेल तर एक विचारू? रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. आकडा ठळक असतो, त्यापुढे बाण, बाकी सगळं इंग्रजी. मी तो बाण बघूनच घाबरते आणि मग डॉक्टरांच्या डोक्यावर बसते. तुमची ती कमेंट मराठीत लिहिली तर काय बिघडेल?

सूक्ष्मदर्शक
खरं सांगतो, माझ्या डोक्यात वाचणारा म्हणून फक्त डॉक्टर होता. हे सुचलंच नाही.

सिडको_क्लिनिक
बघा, टोरांटोला जायची गरज नव्हती, मखमलाबादला उत्तर होतं. पण धोका पण ओळखा, मी काही कारणाने औषध दिलं तर पेशंट तोच कागद माझ्या नाकासमोर नाचवणार. असो. मराठीत लिहिणार असाल तर माझी पुडीवरची वादावादी तरी वाचेल, त्यामुळे मी विरोध मागे घेतो, अर्धा. विडालवर पण टाकणार असाल तर पाऊण.

नळीवाला
लिहा मग मजकूर. उद्या आमच्या मॅडमना दाखवतो, टाकतीलच असं नाही. माझा प्रयत्न: 'या नमुन्यात जुलाब करणारे जंतू आढळले नाहीत. ई. कोलाय आतड्यात नेहमीच असते. बहुधा औषधाची गरज नाही.'

सिडको_क्लिनिक
'बहुधा' काढा. पेशंट 'बहुधा' वाचला की समजतो आपलं त्यात नाही. 'ई. कोलाय सापडणे हे अँटिबायोटिक घेण्याचे कारण नाही' असं सरळ लिहा. आणि खाली: 'शौचातून रक्त, लघवी कमी होणे, जोराचा ताप किंवा सुस्ती असल्यास डॉक्टरांना लगेच दाखवा.' काकांसाठी ती ओळ पाहिजेच.

गोदाकाठचा_काका
'ताप पाच दिवसांवर गेल्यास' पण टाका.

मखमलाबादकर
आणि अक्षर मोठं ठेवा. फोन सासूबाईंच्या हातात असतो.