मारुतीच्या पाराजवळच्या डीपीवर वानर गेले: गाव काय म्हणते आणि खरे कारण काय?

वेशीपलीकडे यांनी विचारले:

नमस्कार. आमचे गाव विदर्भातले आहे. वेशीवरच्या मारुतीच्या पाराला लागूनच विजेची डीपी बसवलेली आहे. गेल्या शनिवारी सकाळी तिच्यावर एक मोठा हुप्प्या चिकटून मेला. फ्यूज उडून निम्म्या गावाची वीज गेली. वायरमन आले, पण ते उभे होते त्या बाजूने डीपीचा वरचा भाग पिंपळाच्या फांद्यांनी झाकलेला असल्यामुळे त्यांना वानर दिसले नसावे आणि त्यांनी पुरवठा परत चालू केला. त्याबरोबर मेलेल्या वानराचा हात सर्वांसमक्ष वर उचलला गेला. पारावर जमलेल्या बायकामाणसांनी हात जोडले आणि तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून, गुलाल उधळत, भजनी मंडळाच्या टाळमृदंगात अंत्ययात्रा निघाली. देवळामागे खड्डा घेऊन, मीठ घालून, वानराला बसत्या स्थितीत समाधी दिली. आता तेराव्याच्या गावजेवणासाठी वर्गणी चालू आहे आणि काही तरुणांनी मुंडणही केले आहे. अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. म्हातारी माणसे म्हणतात की गावावरचे अरिष्ट मारुतीने स्वतःवर घेतले. देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम दोन वर्षे अडकले आहे, त्या मंडळींच्या मते हा कोप आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच डीपीच्या पुढच्या खांबापाशी एक बैल दगावला होता, त्यामुळे ही जागाच बळी मागते असेही बोलले जाते. ‘वार पाहा, जागा पाहा, याला योगायोग कसे म्हणणार?’ हा प्रश्न मला थेट विचारला गेला आणि मला उत्तर देता आले नाही.

अंत्ययात्रेत मी डीपीचा विषय काढला, तेव्हा ‘आज हे बोलायचे नसते’ असे सांगून मला गप्प बसवण्यात आले. पुढच्या ग्रामसभेत कोणाचे मन न दुखावता हा विषय कसा मांडावा आणि हे नेमके का घडते, हे जाणकारांनी सांगावे.

तारतंत्री (निवृत्त) यांचे उत्तर:

आधी हाताचे सांगतो. प्रवाह स्नायूतून गेला की स्नायू आकुंचन पावतो आणि नुकत्याच मेलेल्या जनावराचा स्नायूही तसाच वागतो. पुरवठा चालू झाला त्या क्षणी वानराच्या अंगातून पुन्हा प्रवाह गेला, एवढाच त्याचा अर्थ आहे. खरे तर लाइन ट्रिप झाल्यावर आधी ती डोळ्यांनी तपासायची आणि मगच ट्रायल घ्यायची, म्हणजे पुरवठा चालू करून पाहायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे. तारेला चिकटलेला जीव जिवंत असेल, तर दुसरा झटका त्याचा उरलासुरला प्राण घेतो. पिंपळाच्या फांद्या आड आल्या हे कारण खरे असेल, पण त्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या असायला हव्या होत्या, हेही तितकेच खरे आहे.

आता वानरच का मरते ते पाहू. एका तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि प्रवाहाला तिच्या अंगातून दुसरीकडे जायला वाटच नसते. दोन वेगळ्या फेजच्या तारा किंवा एक तार आणि जमिनीशी जोडलेले लोखंड, अशा दोन ठिकाणी एकाच वेळी स्पर्श झाला की मृत्यू ठरलेला. डीपीवर 11,000 व्होल्टची लाइन येते आणि जिथे ती रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) जोडली जाते तिथे उघड्या जोडण्यांमधले अंतर जेमतेम फूटभर असते. खालची टाकी आणि वरची चौकट लोखंडाची, ती अर्थिंग केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली. वानराचे शेपूट त्याच्या धडापेक्षा लांब असते. चौकटीवर बसून त्याने हात लांब केला किंवा उडी मारताना शेपूट जोडणीला लागले, तरी पुरे. त्यात हुप्प्या अंगाने मोठा, म्हणून अंतर आणखी सहज भरून निघते. वटवाघळे याच कारणाने तारांवर लटकून मेलेली दिसतात; पंख पसरले की ते दोन तारांना टेकतात.

शनिवारच्या आणि मारुतीच्या योगाबद्दल तुम्हाला विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर ‘योगायोग’ असे नाहीच. शनिवारी लोक पारावर काय आणतात? फुटाणे, केळी, नारळ. वानरांच्या टोळीला वार कळत नसेल, पण सकाळपासून गर्दी आणि खाऊ कुठे असतो ते तिला नेमके कळते, आणि केळे हातात पडले की ते हिसकावून घेणाऱ्यांपासून पळून जाण्यासाठी सर्वांत जवळची उंच जागा म्हणजे ती डीपी. पूर्वी पिंपळावरून चिंचेवर आणि चिंचेवरून कौलांवर जाता येत असे. मधली झाडे गेली आणि त्यांच्या जागी खांब आले. डीपी वेशीवर का, तर ती गावठाणातली मोकळी सार्वजनिक जागा असते आणि तिथे कोणाच्या शेताचा वाद नसतो. म्हणजे जागा आपण निवडली, वार आपण ठरवला आणि खाऊही आपणच ठेवला. मग वानर शनिवारी मारुतीजवळ मेले यात अघटित काय आहे?

उपाय अवघड नाहीत. रोहित्राच्या उघड्या जोडण्यांवर आणि जंपरवर (जोडतारांवर) इन्सुलेशनची आवरणे बसवता येतात. देवळाभोवतीची लघुदाबाची उघडी तार काढून तिच्या जागी एरियल बंच केबल (आवरण असलेल्या तारांची एकत्र पिळलेली केबल) टाकता येते. तिच्यावरून वानरांची टोळी गेली तरी हरकत नसते. फांद्या छाटणे तर दरवर्षीचे काम आहे.

काकबळी यांचे उत्तर:

तारतंत्री साहेबांचे विवेचन पटण्यासारखे आहे. तरीही गावाने केले त्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नये, असे मला वाटते. ज्या जनावराला आपण रोज हुसकावतो, ज्याने तूर आणि हरभरा खाल्ला म्हणून शिव्या देतो, त्याला मेल्यावर खांदा द्यायला गाव येते, यात काही एक अपराधाची जाणीव असते. ती जाणीव चुकीच्या पत्त्यावर जाते, एवढेच.

मला अधिक विचार करावासा वाटतो तो कोणाच्या मरणाला अर्थ मिळतो आणि कोणाच्या नाही याचा. वानर मेले की मारुती, बैल मेला की जागेची बाधा, कावळा मेला की पितर. पण खार मेली तर? डीपीवर खारी कमी मरत नाहीत. सेतू बांधताना वाळू वाहणारी, पाठीवर रामाची बोटे मिरवणारी खार ही वानराइतकीच रामाची आहे. तिच्यासाठी कुठे टाळ वाजल्याचे मी ऐकलेले नाही. ती लहान असते, पालापाचोळ्यात पडते आणि मांजर घेऊन जाते. म्हणजे संकेत वाचण्याआधी माणूस आकार पाहतो, प्रेक्षक आहेत का ते पाहतो आणि मगच देवाचे नाव घेतो.

कावळ्याचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. पितृपक्षात आमच्या गल्लीत एक कावळा तारेवरून खाली पडला आणि काही क्षणांत शेजारच्या तारा, गच्च्या, पाण्याच्या टाक्या काळ्या झाल्या. ओरडण्याने कान किटले. शेजारच्या घरात त्याच दिवशी श्राद्ध होते आणि पानाला कावळा शिवत नव्हता; त्यामुळे पितर रागावले, इच्छा राहिली, असे लगेच ठरले. वास्तविक कावळा पानाकडे येत नव्हता, कारण सगळे कावळे मेलेल्या सोबत्याभोवती होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात याच वागणुकीचा अभ्यास झाला आणि 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुखवटे घातलेली माणसे मेलेला कावळा हातात धरून उभी राहिली. तिथल्या कावळ्यांनी त्यांच्यावर गलका केला आणि पुढे कित्येक आठवडे, हात रिकामे असतानाही, ते मुखवटे ओळखले. तो कावळा आपल्या गावकावळ्याहून वेगळ्या जातीचा आहे, हे खरे. पण मेलेल्याभोवती जमून धोका कोठून आला हे शिकून घ्यायचे, हा त्या गर्दीचा एक उपयोग तरी त्यातून दिसतो. आपल्याला त्यात शोकसभा दिसते, आणि शोक अजिबात नसेलच असे मीही म्हणणार नाही.

गोठ्यातला डॉक्टर यांचे उत्तर:

बैलाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या गावातला खरा धोका तिथे आहे.

‘जागा बळी मागते’ असे ज्या ठिकाणाबद्दल बोलले जाते, तिथे मी पशुवैद्य म्हणून आधी खांबाचा ताण (खांबाला आधार देणारी तिरकी तार) आणि अर्थिंग पाहायला सांगतो. इन्सुलेटर तडकला किंवा अर्थिंगची तार गंजून तुटली, की खांब किंवा ताण यांत वीज उतरते. उन्हाळ्यात कोरडी जमीन ती फारशी वाहून नेत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की ओल्या मातीत खांबाभोवती व्होल्टेज पसरते. खांबाजवळ ते जास्त आणि दूर जावे तसे कमी. माणसाच्या दोन पावलांत हातभर अंतर असते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या दुप्पट असते आणि त्या दोन टोकांच्या मध्ये छाती आणि हृदय येते. त्यामुळे धनी कासरा धरून उभा राहतो, त्याला पायाला मुंग्या येतात आणि बैल मात्र जागच्या जागी कोसळतो. पाहणाऱ्याला वाटते की जागेने जनावर निवडून घेतले. दरवर्षी पावसाळ्यातच घडते, म्हणून तिथे मुंजा आहे असेही ठरते. जवळ पिंपळ असला की मग पुरावाच मिळाला.

वीज पडल्यावरही हेच होते. नॉर्वेतील हार्डांगरविद्दा पठारावर ऑगस्ट 2016 मध्ये एका वादळात 323 रेनडिअर एकाच ठिकाणी मेलेले आढळले. मे 2021 मध्ये आसामच्या नगाव जिल्ह्यात टेकडीवर 18 हत्ती मेले, तेव्हा इतके हत्ती एकदम कसे मरतील, विषच घातले असणार, असा संशय अनेकांनी बोलून दाखवला. शवविच्छेदनानंतर वन विभागाने वीज पडल्याचे कारण दिले. तिथे देवाऐवजी शत्रू शोधला गेला, एवढाच फरक. मात्र तो संशय फेडता आला, कारण शवविच्छेदन झाले होते.

तुमच्या वानराचे झाले नाही आणि हीच माझी तक्रार आहे. शॉकने मेलेल्या जनावराच्या अंगावर प्रवाह जिथून शिरला आणि जिथून बाहेर पडला तिथे जळल्याच्या खुणा सापडू शकतात: केस करपलेले, कातडी कडक आणि फिकट झालेली, कधी तळव्याला खोल चट्टा. त्या खुणा गुलालाखाली गेल्या आणि मिठात पुरल्या गेल्या. वानर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. त्याचा मृत्यू वन विभागाला कळवून पंचनामा झाल्यावरच पुढचे करायला हवे. वनपाल आले म्हणून अंत्यसंस्कार थांबत नाहीत, फार तर काही तास उशीर होतो.

विद्युत कायदा, 2003 च्या कलम 161 मध्ये माणसाबरोबर जनावराच्या जीवितहानीचाही उल्लेख आहे. वीजपुरवठ्याशी संबंधित अपघातात जनावर मेले, तरी त्याची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. बैलाच्या मालकाला नुकसानभरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा, पशुधन विकास अधिकाऱ्यांचा शवविच्छेदन अहवाल आणि निरीक्षकांचे निष्कर्ष यांचा आधार लागतो. ‘जागेने घेतला’ म्हणून बैल ओढून नेऊन पुरला की यातले काहीच उरत नाही आणि कागदोपत्री तो खांब निर्दोष राहतो.

वेशीपलीकडे यांनी लिहिले:

सर्वांचे मनापासून आभार. बैलाच्या मालकाकडे चौकशी केली. पंचनामा झालेला नाही आणि त्या दिवशी आपल्याही पायांना मुंग्या आल्या होत्या, असे तो आपणहून म्हणाला. शनिवारच्या खाऊचा मुद्दा मी देवळाच्या पुजाऱ्यांना एकट्यात सांगितला. ते रागावले नाहीत, पण ‘मारुतीच्या दारातून वानरांना उपाशी घालवा, असे मी लोकांना सांगणार नाही’ म्हणाले. यातून मार्ग कसा काढावा?

तारतंत्री (निवृत्त) यांचे उत्तर:

उपाशी घालवायला सांगूच नका. वानरांना खाऊ घालणे मुळातच बरे नाही, त्याने ती धीट होतात, हे माझे मत आहे; पण तो वाद या ग्रामसभेत आणलात तर डीपी बाजूला राहील. पुजाऱ्यांना एवढेच विचारा की खाऊ देवळाच्या मागच्या अंगाला, डीपीपासून दूर, जिथून झाडावर चढता येते अशा ठिकाणी ठेवायला त्यांची हरकत आहे का. ते स्वतः सांगतील तर लोक ऐकतील.

ग्रामसभेत दोन स्वतंत्र ठराव घ्या, एकत्र करू नका. पहिला बैल दगावला त्या खांबाचे अर्थिंग आणि ताण तपासण्याचा; तो पावसाळ्याच्या आधी व्हायलाच हवा, कारण त्या वाटेने शाळेची मुलेही जातात. दुसरा डीपीच्या जोडण्यांवर आवरणे बसवण्याचा आणि फांद्या छाटण्याचा. दोन्ही अर्जांत खांबाचा आणि डीपीचा क्रमांक लिहा; तो खांबावर रंगवलेला किंवा पत्र्यावर असतो. उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या आणि एक प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला पाठवा. तोवर त्या खांबाला आणि ताणाला कोणी जनावर बांधू नये, हे आजच दवंडी देऊन सांगा.

तेराव्याच्या वर्गणीबद्दल मी काही म्हणणार नाही. मात्र गावजेवणाला सगळे गाव पारावरच जमणार असेल, तर पंगती डीपीखाली बसवू नका आणि मंडपाचा लोखंडी पाइप तारांच्या जवळ उभा करू देऊ नका.